सायकल आणि हायब्रिड गाडी: एका किलोमीटरला किती ऊर्जा लागते, ते कसं मोजायचं

हायब्रिडवाला सांगतो, "आपली गाडी लिटरला पंचवीस देते." सायकलवाला म्हणतो, "मला तर काहीच लागत नाही." हिशेबाला बसतील असे हे दोन्ही दावे नाहीत. पहिल्याने डॅशबोर्डवरचा आकडा वाचलेला असतो, दुसऱ्याने जेवताना घेतलेली जास्तीची पोळी धरलेली नसते. दोन्ही वाहनं एकाच मापाने मोजायची तर किलोमीटरला किती किलोज्यूल लागतात ते काढावं लागतं. त्याला लागतात एक पेट्रोलची पावती, एक वजनकाटा आणि तासाभराची आकडेमोड.

खालच्या उदाहरणात ७० किलोचा माणूस, १८ किलोची साधी सायकल, ताशी १५ किलोमीटर वेग आणि सपाट शहरी रस्ता धरला आहे. गाडी ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरच्या गटातली स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत मोटर असलेली आणि नुसत्या मोटरवरही चालू शकणारी. हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. वजन, ॲव्हरेज आणि रस्ता आपापला घाला.

आधी मापं नीट करून घ्या

अन्नाच्या पाकिटावर लिहिलेली कॅलरी म्हणजे किलोकॅलरी, आणि एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. विजेचं एक युनिट ३.६ मेगाज्यूलचं, म्हणजे ८६० किलोकॅलरींचं. कॅलरी आणि किलोकॅलरी यांची गल्लत झाली की उत्तर थेट हजारपटीने चुकतं. ही चूक फार जणांकडून होते.

शुद्ध पेट्रोलच्या लिटरमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. काही तक्त्यांत ३४ च्या आसपासचा आकडा दिसतो. त्यात धुरातल्या वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णताही धरलेली असते, आणि ती गाडीच्या काही कामाची नाही. म्हणून ३२ घ्या. पण आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरला फक्त २१ मेगाज्यूल असतात, त्यामुळे मिश्रणाचा हिशेब असा होतो:

०.८ × ३२ + ०.२ × २१ = सुमारे २९.८ मेगाज्यूल प्रति लिटर

म्हणजे टाकीत सात टक्के ऊर्जा कमीच पडते. ॲव्हरेज घसरल्याची तक्रार करण्याआधी एवढी घट गृहीत धरा. शिवाय हे इथेनॉल ऊस, मका, तुकडा तांदूळ यांपासून येतं. तेव्हा सायकलवालाच तेवढा शेतावर जगतो असं नाही, गाडीचाही एक पंचमांश घास शेतातलाच आहे.

गाडीचा खरा खर्च: टाकी ते टाकी

जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. या गटातल्या गाड्यांसाठी तो २७.९७ किमी प्रति लिटर असा जाहीर झालेला आहे. तो दोन मॉडेलांची आपसात तुलना करायला ठीक, तुमच्या रस्त्याच्या हिशेबाला नाही. डॅशबोर्डवरचा सरासरी आकडाही बऱ्याचदा थोडा चढाच असतो. म्हणून:

१. सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा.

२. टाकी फुल करा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबा. "राउंड फिगर करू का?" याला नाही म्हणा. ट्रिप मीटर शून्यावर आणा.

३. किमान ४०० ते ५०० किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा. मोजमाप सुरू आहे म्हणून पाय हलका ठेवाल तर मोजमाप वाया जाईल.

४. त्याच पंपावर, जमल्यास त्याच नोझलवर, पुन्हा पहिल्या कटऑफपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर.

एवढं अंतर कशासाठी? नोझल कधी अर्धा लिटर आधी बंद पडतं, कधी नंतर. २३ लिटरमध्ये अर्धा लिटर म्हणजे दोन टक्के, तेवढं चालतं. पाच लिटरमध्ये तो दहा टक्के होतो.

हायब्रिडमध्ये आणखी एक फसवणूक आहे. उतारावर, रांगेत, पार्किंगमध्ये गाडी बॅटरीवर सरकते. पाच किलोमीटरच्या एखाद्या फेरीत बॅटरी भरलेली असताना निघालात आणि उतरलेली असताना पोहोचलात, तर पडद्यावर लिटरला ५० सुद्धा दिसेल. ते पेट्रोल वाचलेलं नसतं, आधीच जळलेलं असतं. या बॅटऱ्या लहान असतात, एखाद-दीड युनिटाच्या घरातल्या, आणि त्यातलाही काही भागच वापरात येतो. पाचशे किलोमीटरमध्ये हा फरक दिसतही नाही, पाच किलोमीटरमध्ये त्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. ब्रेक मारताना परत मिळालेली वीजही वेगळी जमा करू नका. प्लग नसलेल्या हायब्रिडमध्ये शेवटी सगळी ऊर्जा पेट्रोलातूनच येते, आणि परत मिळालेल्या विजेचा फायदा ॲव्हरेजमध्ये आधीच आलेला असतो.

गाडी खरंच स्ट्राँग हायब्रिड आहे का, हेही पाहा. इंजिन पूर्ण बंद असताना नुसत्या मोटरवर गाडी चालत नसेल तर ती माइल्ड हायब्रिड. तिचा हिशेब साध्या पेट्रोल गाडीच्या जवळ जाईल.

समजा प्रत्यक्ष ॲव्हरेज २२ आलं:

२९.८ ÷ २२ = १.३५५ मेगाज्यूल, म्हणजे १३५५ किलोज्यूल प्रति किमी

इथे एक दुरुस्ती हवी, आणि ती बहुतेक तुलनांत राहून जाते. सायकल ज्या फेऱ्यांची जागा घेऊ शकते त्या तीन-चार किलोमीटरच्या असतात: भाजी, क्लास, बँक. अशा छोट्या फेरीत इंजिन आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायलाच बरंच पेट्रोल जातं, आणि हायब्रिडचं इंजिनही त्यासाठी चालू राहतं. महामार्ग धरून आलेलं २२ इथे लागू होत नाही. महिनाभर फक्त अशा फेऱ्या होत असतील तेव्हाचा टाकी-ते-टाकी आकडा वेगळा काढा, तो निश्चित कमी येईल.

एसीचा हिशेब वेगळा मांडून बघा

मे महिन्यात कॉम्प्रेसर सरासरी एक किलोवॅट घेतो असं धरा. ट्रॅफिकमध्ये गाडीचा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर असेल तर एका किलोमीटरला चार मिनिटं लागतात, म्हणजे २४० सेकंदांत २४० किलोज्यूल वीज. ही वीज इंजिन-जनरेटरमधून येते, तिथे पेट्रोलच्या ऊर्जेचा साधारण तिसरा भागच वीज होऊन बाहेर पडतो. म्हणजे एसीसाठी किलोमीटरला ७२० किलोज्यूल पेट्रोल. पुढे आकडा येईलच, पण सायकलस्वाराला किलोमीटरभर जायला लागणाऱ्या अन्नाच्या हे जवळजवळ आठपट आहे, आणि गाडी हलवण्याचा खर्च त्यात धरलेलाही नाही. मुंबईत उन्हाळ्यात आणि थंडीत एकाच गाडीचं ॲव्हरेज वेगळं का येतं याचं मोठं उत्तर इथे आहे. मोजमाप दोन्ही ऋतूंत करा.

सायकलचा खर्च: दोन वाटांनी काढा

पहिली वाट सोपी आहे. श्रमाची पातळी मेट या एककात मोजतात. स्वस्थ बसलेला माणूस एक मेट, म्हणजे शरीराच्या दर किलोमागे तासाला साधारण एक किलोकॅलरी. ताशी १५ किलोमीटरच्या निवांत सायकलिंगला ५.८ मेट धरतात. त्यातला एक मेट वजा करा, कारण तेवढी ऊर्जा गाडीत बसूनही खर्च झालीच असती. ती वजा न करणं ही सायकलच्या हिशेबातली नेहमीची चूक आहे.

४.८ × ७० ÷ १५ = २२.४ किलोकॅलरी प्रति किमी

मोजायला २२ किलोकॅलरी धरू, म्हणजे ९२ किलोज्यूल.

दुसरी वाट भौतिकशास्त्राची, थोडी कष्टाची, पण काय सुधारता येईल ते तिच्यातूनच कळतं. स्वार आणि सायकल मिळून ८८ किलो. चाकाचा घर्षण गुणांक ०.००८ धरला तर चाकाचा विरोध ६.९ न्यूटन. ताठ बसलेल्या माणसाला ताशी १५ च्या वेगाला वाऱ्याचा विरोध सुमारे ६ न्यूटन. एकूण १२.९ न्यूटन; त्याला हजार मीटरने गुणलं की किलोमीटरला १२.९ किलोज्यूल. किलोमीटरमध्ये तीनदा थांबून पुन्हा वेग घेतला तर प्रत्येक वेळी पाऊण किलोज्यूल, म्हणजे आणखी २.३. चेनमध्ये पाच टक्के जातात. पेडलवर झाले १६ किलोज्यूल. स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्सा कामात बदलतात, म्हणून अन्नाचा खर्च ६४ किलोज्यूल, सुमारे १५ किलोकॅलरी.

एका वाटेने १५, दुसऱ्या वाटेने २२. हा फरक खड्डे, वारा, कमी हवा आणि डुलत पेडल मारण्याचा आहे. गणितात रस्ता नेहमी गुळगुळीत असतो. तुलनेसाठी २२ घ्या. चूक झालीच तर ती सायकलच्या विरोधात जाऊ दे, म्हणजे वाद घालणाऱ्याला जागा उरत नाही.

पेडलवरची ताकद मोजणारं पॉवर मीटर असेल तर तिसरी वाट आहे आणि ती सर्वांत अचूक. पेडलवरचे किलोज्यूल हाच अन्नाच्या किलोकॅलरीचा आकडा समजा. शरीराची कार्यक्षमता आणि ४.१८४ हा गुणक एकमेकांना जवळपास खोडतात. मनगटावरच्या घड्याळाच्या कॅलरीवर मात्र विसंबू नका. उकाड्याने नाडी वाढली तरी ते ती मेहनत म्हणून मोजतं.

काय बिघडतं? सगळ्यात आधी हवा. नरम टायरवर घर्षण गुणांक ०.०१२ पर्यंत चढला तर चाकाचा विरोध १०.४ न्यूटन होतो, म्हणजे दीडपट. टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेत, आठवड्यातून एकदा, गेज लावून भरा. अंगठा दाबून अंदाज येत नाही. त्यानंतर वेग. ताशी २५ ने गेलात तर वाऱ्याचा विरोध ६ वरून साडेसोळा न्यूटनवर जातो आणि किलोमीटरचा खर्च १.८ पट होतो. ताशी १० चा समोरचा वारा असेल तर १५ च्या वेगालाही नेमकं तेच होतं. "येताना पाठीशी वारा असतो, फिटंफाट" हा समज चुकीचा आहे. जाताना १०.६ न्यूटन वाढतात, येताना फक्त ५.३ वाचतात. त्यामुळे मोजमाप नेहमी जाऊन-येऊन घ्या.

चढ असेल तर उंचीचे मीटर नकाशावरून काढा. ५० मीटर चढायला या स्वाराला पेडलवर ४३ किलोज्यूल, अन्नात सुमारे ४१ किलोकॅलरी जास्त लागतात. उतारावर ब्रेक दाबला की ते गेलेच. हायब्रिडचं वजन जास्त म्हणून तिचा चढ महाग, पण उतारावर तिला त्यातला काही भाग बॅटरीत परत मिळतो. पुण्यासारख्या चढउताराच्या गावात हायब्रिडची ही बाजू मान्य करायला हवी.

मग पंधरापट फरक येतो कुठून?

१३५५ भागिले ९२, म्हणजे जवळजवळ पंधरा. एका लिटर ई-२० मध्ये ७१२० किलोकॅलरी असतात. तेवढ्यावर गाडी २२ किलोमीटर जाते, सायकलस्वार सव्वातीनशे.

ऐकणाऱ्याला वाटतं, माणसाचं शरीर इंजिनापेक्षा कार्यक्षम असणार. उलट आहे. चांगलं हायब्रिड इंजिन अनुकूल भारावर ४० टक्क्यांपर्यंत जातं, स्नायू २५ टक्क्यांवर अडतात. यंत्र म्हणून इंजिनच सरस आहे. पण ताशी ४० च्या वेगाला १३५० किलोच्या गाडीच्या चाकांचा विरोध १३० न्यूटनच्या वर, वाऱ्याचा आणखी साठेक. एकूण १९० न्यूटन, सायकलच्या पंधरापट. कार्यक्षमतेत गाडी पुढे आणि खर्चातही पुढे, ते यामुळे. सत्तर किलोच्या माणसाला हलवायला ती तेराशे किलो सोबत घेऊन निघते, आणि दर सिग्नलला सायकलच्या शंभरपट गतिज ऊर्जा उभी करते. ब्रेकमधून त्यातली काही परत आली तरी अंतर मिटत नाही.

सायकलस्वाराच्या ताटामागचं इंधन

आता सायकलच्या विरोधातला खरा मुद्दा. पेट्रोल काढायला, शुद्ध करायला, पंपापर्यंत आणायला साधारण वीस टक्के ऊर्जा जाते, म्हणून गाडीचा मुळापासूनचा आकडा १३५५ × १.२ = १६२६ किलोज्यूल. मग अन्नालाही तोच न्याय लावा. अन्नातली स्वतःची ऊर्जा उन्हाची आहे, ती धरू नका. ते पिकवून ताटात आणायला जळालेलं इंधन धरा.

स्वयंपाकाचा भाग घरच्या घरी निघतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे ६५० मेगाज्यूल. चौघांच्या घरात तो ४५ दिवस पुरला तर माणशी रोज ३.६ मेगाज्यूल. रोजचं अन्न २२०० किलोकॅलरी, म्हणजे ९.२ मेगाज्यूल. भागाकार ०.३९, म्हणजे अन्नाच्या ऊर्जेच्या ३९ टक्के इंधन स्वयंपाकातच जातं. आंघोळीचं पाणी गॅसवर तापवत असाल तर तो भाग वजा करा, नाहीतर सायकलवर नाहक बोजा पडेल.

शेतीचा भाग युरियावरून ताडता येतो. किलोभर युरिया बनवायला सुमारे ६००० किलोकॅलरी लागतात. हेक्टरी २६० किलो युरिया आणि साडेतीन टन गहू धरला, तर गव्हाच्या ऊर्जेच्या तेरा टक्के इंधन एकट्या युरियात जातं. त्यावर नांगरणी-मळणीचं डिझेल, पंपाची वीज, ट्रक, गिरणी. दूध, तेल, भाजी आणि फ्रिज मिळवून, घरी शिजवलेल्या पोळी-भाजी-वरणाच्या जेवणाला अन्नाच्या ऊर्जेच्या दीडपट इंधन धरणं सावध ठरेल. म्हणजे सायकलचा मुळापासूनचा खर्च ९२ × १.५ = १३८ किलोज्यूल.

पाकीटबंद, गोठवलेलं, लांबून आलेलं खाणं जास्त असेल तर हा गुणक तीनवर, फारच असेल तर सहावर नेऊन पाहा. ब्रॉयलर कोंबडीला किलोभर वजन वाढवायला पावणेदोन किलोच्या आसपास दाणा लागतो, आणि वर शीतसाखळी. माळावर चरलेल्या बकरीला डिझेल फारसं लागत नाही. तिचा मिथेन हा वेगळा विषय, या हिशेबात तो घुसडू नका.

हा सगळा खर्च लागू होतो तो सायकलमुळे जास्तीचं खाल्लं तरच. रोज वीस किलोमीटर म्हणजे ४४० किलोकॅलरी. जो माणूस एरवी ट्रेडमिलवर जाऊन तेवढंच जाळणार होता, त्याच्या सायकलला जास्तीचं अन्न शून्य.

गाडीत माणसं किती?

सगळ्यात मोठा फेरफार या एका प्रश्नाने होतो. मुळापासूनच्या आकड्यांत एकटा चालक सायकलच्या बारापट पडतो. चौघं बसले की माणशी ४०६ किलोज्यूल, म्हणजे जेमतेम तिप्पट. आणि सायकलस्वाराच्या जेवणाचा गुणक सहा असेल तर त्याचे ५५२ होतात; तिथे भरलेली हायब्रिड त्याला हरवते. मात्र मुलाला शाळेत सोडून गाडी रिकामी परत येत असेल, तर परतीचा खर्चही मुलाच्याच खात्यावर टाका. तुलनाही किलोमीटरमागे न थांबवता फेरीमागे करा, कारण सायकल गल्लीतून जाते, गाडी वन-वेला वळसा घालते, आणि काही उड्डाणपुलांवर सायकलला बंदी असते.

बनवण्याचा खर्च, आणि पडून राहिलेली सायकल

ढोबळ अंदाजासाठी दोन्ही वाहनांना किलोमागे ७० मेगाज्यूल धरा. साडेबाराशे किलोची गाडी दीड लाख किलोमीटर चालली तर किलोमीटरला ५८० किलोज्यूल. १८ किलोची सायकल पंधरा हजार किलोमीटर चालली तर ८४. ॲल्युमिनियमची फ्रेम असेल तर आकडा वर जातो, कारण खनिजापासून ॲल्युमिनियम काढणं पोलादाहून कितीतरी खर्चिक आहे.

पण नवी सायकल ५०० किलोमीटर चालून सोसायटीच्या पार्किंगमध्ये गंजत पडली, तर तिच्या बनावटीचाच खर्च किलोमीटरला अडीच मेगाज्यूलवर जातो. गाडीचे १६२६ आणि ५८० मिळून होतात २२०० किलोज्यूल. म्हणजे अशी सायकल एकट्याने चालवलेल्या हायब्रिडपेक्षाही महाग पडली. हिशेबात सायकलचं आयुष्य लिहिताना बिलाच्या तारखेवरून नाही, प्रत्यक्ष चाललेल्या किलोमीटरवरून लिहा. जुनी विकत घेतलेली असेल तर आधीच्या मालकाचे किलोमीटरही मोजा.

ई-सायकल असेल तर

चार्जर भिंतीतल्या सॉकेटऐवजी युनिट दाखवणाऱ्या प्लग-मीटरमध्ये लावा. बॅटरी पूर्ण उतरवून पूर्ण भरा, आणि मधले किलोमीटर लिहा. मोटरला किलोमीटरमागे १० वॉट-तास म्हणजे ३६ किलोज्यूल लागले, चार्जरमध्ये पंधरा टक्के, तारांमध्ये सतरा टक्के गेले आणि कोळशाच्या केंद्राची कार्यक्षमता ३५ टक्के धरली, तर मुळाशी सुमारे १४६ किलोज्यूल होतात. घरच्या जेवणावर पेडल मारणाऱ्याच्या १३८ शी हे जवळजवळ बरोबरीचं आहे. जेवणाचा गुणक तीन असेल तर ई-सायकल निम्म्यात काम करते. छतावर सोलर असेल आणि दुपारी चार्ज करत असाल तर कोळशाचा भागाकार गाळून टाका. बॅटरी किती वर्षांत बदलावी लागते ते मात्र बनावटीच्या खात्यात स्वतंत्र ओळीवर लिहा, आणि नरम टायरवर घेतलेला आकडा इथेही खोडून पुन्हा घ्या.